कागद गार आहे तोवर थांबा

'नमस्कार. मी सावंतवाडीला राहते, वय ५४. मार्चमध्ये नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली. लहानपणी चित्रांची फार हौस होती. नववीत इंटरमिजिएटला बसले, सी ग्रेड आली. ड्रॉइंगचे सर म्हणाले, "तुझा हात जड आहे." त्यानंतर ब्रश हातात धरला तो थेट या एप्रिलात. चोवीस ट्यूबचा जलरंगांचा संच, बारा ब्रश, ड्रॉइंगच्या वह्या असं सगळं एकदम आणलं. रात्री व्हिडिओ बघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी करायला बसते. त्यांचं आकाश कसं अलगद उतरतं, माझ्याकडे नुसता चिखल होतो. मोती तलावाचं चित्र तीनदा काढलं, तिन्हींचे फोटो सोबत पाठवतेय. तिसरं अर्धवट राहिलं. डावीकडची भिंत रंगवत असताना पाहुणे आले, मग पुन्हा बसायला जमलंच नाही. मुलगा म्हणतो छान आहे, पण तो सगळ्यालाच छान म्हणतो. मिस्टर विचारतात, एवढा खर्च करून याचं पुढे काय करणार? माझ्या हातात मुळात कलाच नाही का? जलरंग सोडून ॲक्रिलिक घेऊ का, ते सोपं असतं म्हणतात. की क्लास लावू? इथे एक आहे, पण सगळी शाळेची मुलं येतात. कृपया नाव छापू नये.'

ताई, नमस्कार.

तुमचे फोटो मोठ्या पडद्यावर लावून बघितले, आणि सगळ्यात जास्त वेळ थांबले ते तिसऱ्यावर. त्यातल्या डाव्या कोपऱ्यातल्या जांभ्याच्या भिंतीपाशी. बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, एक ओला थर आहे. खालच्या बाजूला त्यात निळ्याचा थेंब सोडलाय आणि तो आपला आपण पसरत वर गेलाय. भिंतीचं बूड ओलं आहे, तिथे शेवाळ धरलंय, हे तुम्ही एकही रेघ न मारता सांगितलंत. मधला एक दगड रंगवायचा राहून गेलाय, तिथे कोरा कागद दिसतो, आणि भिंतीवर उजेड पडलाय असं वाटतं ते त्या एका दगडामुळे. मी बावीस वर्षं मोठ्या माणसांना रविवारी जलरंग शिकवतेय. पहिल्या चार महिन्यांत अशी भिंत फार थोड्यांच्या हातून उतरते.

ती उतरली कारण पाहुणे आले. तुम्ही उठलात, चहा टाकलात, आणि त्या भिंतीला पुन्हा ब्रश लागला नाही. आता पहिली दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. पहिल्याच्या आकाशात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कडा फुटलेले डाग आहेत. दुसऱ्यात तलावाच्या पाण्यात राजवाड्याचं प्रतिबिंब आहे, तिथे कागदाची अक्षरशः लोकर निघालीय. दोन्ही ठिकाणी रंग लावून झाल्यावर तुम्ही तो 'नीट करायला' परत गेला होतात. तुमची अडचण एवढीच आहे, आणि ती हातातली नाही. रंग ओला असताना तुम्हाला त्याच्यापासून लांब राहवत नाही.

असं का होतं ते नीट सांगते. 'धीर धरा' एवढंच सांगितलं तर कुणाला धीर धरता येत नाही. तो कशासाठी धरायचा हे कळलं की जमतं.

जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि डिंक. बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, म्हणजे आपल्या लाडवातल्या डिंकाचा भाऊबंदच. पाणी घातलं की डिंक विरघळतो, पूड सुटी होते, आणि पाण्याबरोबर कागदावर जिथे वाट मिळेल तिथे जाऊन बसते. पाणी उडून गेलं की डिंक त्या पुडीला कागदाच्या धाग्यांवर धरून ठेवतो. पण तोच डिंक पुन्हा ओला झाला की पुन्हा सुटतो. म्हणून वाळलेल्या रंगावरून तुम्ही दुसरा रंग एकदा हलक्या हाताने नेलात तर खालचा जागेवर राहतो, आणि तीनचारदा घासलात तर खालचा उठून वरच्यात मिसळतो. आकाशाच्या निळ्यावर ढगाचा करडा, त्यावर झाडाचा हिरवा, आणि घासाघासीत तिन्ही एकत्र. तुमचा चिखल तो हाच. महागातले रंग आणलेत तरी असाच होईल, फक्त जास्त किमतीचा होईल.

आकाशातले ते डाग वेगळ्या कारणाने येतात. थर अर्धवट वाळलेला असताना भरपूर पाणी घेतलेला ब्रश त्याला लागला, की नवं पाणी अर्धवट ओल्या रंगाला ढकलत बाहेर नेतं, आणि जिथे ते थांबतं तिथे पूड साचून करवतीसारखी कड तयार होते. पूर्ण ओल्या थरात हे होत नाही, पूर्ण वाळलेल्यावरही होत नाही. मधल्या वेळात होतं, आणि हा मधला वेळ ओळखता येणं हे जलरंगात शिकायचं पहिलं काम आहे.

ओळखायचा कसा? कागद डोळ्यांच्या पातळीला आणून आडवा, उजेडाकडे धरून बघा. रंग लावला की आधी पाणी चमकतं. या चमकेत तुम्ही दुसरा रंग सोडू शकता, तो मऊ पसरेल, तुमच्या भिंतीतल्या निळ्यासारखा. मग चमक जाते आणि कागद वाळल्यासारखा दिसतो. इथेच सगळे फसतात. तेव्हा हाताची मागची बाजू, बोटांच्या मागचा भाग, कागदाला अलगद टेकवा. कागद गार लागला तर आत पाणी आहे, ते उडतंय म्हणून गारवा आहे. चमक गेली आणि गारवा आहे, एवढ्या वेळात कागदाला हात लावायचा नाही. ब्रश खाली ठेवायचा, पाणी बदलून आणायचं, खिडकीपाशी जायचं. कागद खोलीइतकाच उबदार लागला की मग पुढचा थर.

तुम्ही बघता त्या व्हिडिओत हा वेळ दिसत नाही, कारण तो कापलेला असतो. माणूस आकाश लावतो आणि लगेच डोंगर काढतो असं दिसतं. त्या दोघांच्या मध्ये वीस मिनिटं, कधी अर्धा तास गेलेला असतो. ते बघून तुम्ही त्याच वेगाने करायला जाता, आणि तेही कोकणात, पावसाळ्यात. नागपुरात मे महिन्यात जो थर ब्रश फिरवून होईपर्यंत वाळायला लागतो, तो तुमच्याकडे जुलैत तासभर गार राहतो. म्हणून सध्या एका वेळी दोन कागद घेऊन बसा. एक गार असेल तेव्हा दुसऱ्यावर काम करा. केस वाळवायचं मशीन घरात असेल तर चालेल, पण चमक गेल्यानंतरच, आणि हातभर लांबून. चमकत्या पाण्यावर वारा मारला तर पाणी पळतं आणि रंग सोबत घेऊन जातं.

आता कागद. तुमच्या वह्यांचा कागद शाळेच्या चित्रकलेच्या वहीसारखा वाटतोय, फोटोत तो पन्हाळीसारखा वाकलाय. तो पेन्सिलीसाठी ठीक आहे, पाण्यासाठी नाही. पातळ कागद ओला झाला की फुगतो, खळगे पडतात, रंग खळग्यात जमतो, आणि माणूस म्हणतो आपल्याला सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, जमत नाही. खर्च करायचा असेल तर तो इथे करा. ३०० जीएसएमचा जलरंगांचा कागद मागा, जमलं तर शंभर टक्के कॉटनचा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. इम्पिरिअल आकाराचा एक ताव २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकरा इंचांचे कागद मिळतात. सरावाला दोन्ही बाजू वापरा, एका तावात सोळा चित्रं होतात. तुकडा हार्डबोर्डवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा आणि बोर्डाखाली वरच्या बाजूला एक जाड पुस्तक सरकवा, म्हणजे पाणी खाली उतरत राहील.

हातकागदाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून सांगून ठेवते. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागद हातात घेतला तरी बरं वाटतं. पण बाजारात हातकागद म्हणून मिळणारा प्रत्येक ताव जलरंगांसाठी केलेला नसतो. जलरंगांच्या कागदाला सरसासारखं काहीतरी पाजलेलं असतं, त्याला सायझिंग म्हणतात, म्हणून पाणी वर थोडा वेळ खेळतं. ते नसलं तर कागद टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. घ्यायच्या आधी कोपऱ्यावर ओलं बोट टेकवून बघा. थेंब तसाच राहिला तर घ्या. आणि तुमच्याकडच्या दमट हवेत हे सायझिंग नुसतं पडून राहूनही बिघडतं, रंगात मग टाचणीएवढे गडद ठिपके उठतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, भिंतीला टेकवून ठेवू नका.

चोवीस ट्यूबमधल्या पाच बाहेर ठेवा आणि बाकीच्या माळ्यावर टाका. लेमन यलो, क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर, बर्न्ट सिएना. काळा आणि पांढरा सगळ्यात आधी माळ्यावर. सावलीला काळा वापरलात म्हणून दुसऱ्या चित्रातलं वडाचं झाड जळाल्यासारखं दिसतंय. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवा, जवळजवळ काळा मिळतो, पण त्याच्यात जीव असतो. निळा जास्त झाला तर पावसाच्या ढगाचा करडा, सिएना जास्त झाला तर ओल्या लाकडाचा. पाणी वाढवलं की त्यातच धुकं मिळतं. मला विचाराल तर नवशिक्याने पहिला आठवडा या दोन रंगांवरच काढावा. इतकं काही त्यात आहे.

तयार हिरवाही नको. तुमच्या खिडकीतून नरेंद्र डोंगर दिसत असेल तर बघा, त्या एका डोंगरावर या दिवसांत किती हिरवे आहेत. भातखाचरांचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, आंब्याच्या जुन्या पानांचा निळ्याकडे, फणसाच्या पानात तपकिरी असतो. ट्यूबमधला हिरवा या सगळ्यांना एकच करून टाकतो. एका तुकड्यावर पिवळ्या आणि निळ्याचे चौकोन करा. पहिल्यात पिवळा भरपूर आणि निळा नखभर, मग निळा वाढवत न्या. दुसऱ्या ओळीत पिवळ्याऐवजी ऑकर घ्या. तिसऱ्या ओळीत प्रत्येकात किंचित सिएना. दुपार जाईल, पण मग 'झाडाला कुठला हिरवा घेऊ' हा प्रश्न परत पडणार नाही.

बारा ब्रशांपैकी तीन पुरेत: गोल चार नंबर, गोल दहा किंवा बारा नंबर, आणि इंचभर रुंद चपटा. सिंथेटिक घ्या. तुमच्या फोटोंवरून वाटतं की तुम्ही सगळं चित्र लहान ब्रशने रंगवता. आकाशही. लहान ब्रशात पाणी मावत नाही, म्हणून दहादा बुडवावा लागतो, आणि तोवर पहिला पट्टा मधल्या वेळात पोहोचतो. मोठ्याने करा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: दुकानदाराने 'केस एकदम भारी, मुंगसाचा आहे' म्हणून ब्रश पुढे केला तर घेऊ नका. मुंगूस आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्या केसांच्या ब्रशांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, आणि त्या केसांसाठी मुंगसं मारली जातात. आमच्या पिढीने ते ब्रश माहीत नसताना वापरले. आता माहीत आहे.

हात जड असण्याबद्दल. तुमच्या सरांना नेमकं काय म्हणायचं होतं मला माहीत नाही, पण शाळेत आपण सगळे पोस्टर कलरवर वाढलो. तो दाट, अपारदर्शक, चूक झाली की वरून दुसरा थर दिला की झाकते. त्यावर पेन्सिल दाबून बाह्यरेषा, मग आतून भरणं. परीक्षेची वेळ संपायच्या आत कागद भरलेला दिसला पाहिजे, याची घाई. त्या सवयीला जड हात म्हणत असतील तर तो निम्म्या महाराष्ट्राचा आहे. पेन्सिल टूबी घ्या आणि टोकापासून लांब, मागे धरा. मागे धरलेली पेन्सिल दाबताच येत नाही. ब्रशही तसाच. आणि उभं राहून काम करा. बसलं की मनगट हलतं, उभं राहिलं की खांदा हलतो, आणि वॉश खांद्यातून येतो. चाळीस वर्षांपूर्वी मिळालेली सी ग्रेड या सगळ्यात कुठेच येत नाही, ताई. ती बाजूला ठेवा.

तलावही सध्या बाजूला ठेवा. पाणी, प्रतिबिंब, वास्तू, झाडी, आकाश, सगळं एका चित्रात, हे पाच अवघड विषय आहेत. महिनाभर घरातल्याच वस्तू काढा. सुरुवात पांढऱ्या कपापासून. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या, खोलीतला दिवा बंद करा. फक्त बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा करडा घ्या. डोळे बारीक करून बघा, पापण्यांतून बघतो तसं. बारकावे पुसले जातात आणि तीनच गोष्टी उरतात: उजेडाची बाजू, सावलीची बाजू, आणि कट्ट्यावर पडलेली सावली. उजेडाची बाजू रंगवायचीच नाही, तो कोरा कागद. मग नीट बघा, कपाची सावलीची बाजू मागच्या उजळ भिंतीपेक्षा गडद आहे. म्हणजे पांढरा कप भिंतीपेक्षा काळा! 'कप पांढरा आहे' हे आपल्याला माहीत असतं, म्हणून डोळ्यांना दिसत असूनही आपण ते रंगवत नाही. माझ्या वर्गात हे पहिल्यांदा दिसलं की माणसं हातातला ब्रश खाली ठेवतात आणि नुसती बघत बसतात. त्या दिवशी चित्र झालं नाही तरी मला चालतं.

कप पाचसहा वेळा झाला की केळफूल आणा. भाजीला आणालच, त्याआधी दोन तास माझ्यासाठी ठेवा. बाहेरचं पातं जांभळट तांबडं असतं आणि त्यावर राखेसारखी पांढुरकी झाक असते, बोट फिरवलं की पुसली जाणारी. पातं थोडं उचललं की आतली बाजू एकदम लालसर, तुकतुकीत. क्रिमझनमध्ये थोडा अल्ट्रामरीन घालून बाहेरच्या पात्याचा एकच ओला थर द्या, पण जिथे राखेची झाक आहे तिथे आधी नुसतं पाणी लावून ठेवा, रंग तिथे आपोआप फिका होत जाईल. चमक आहे तोवर बुडाशी किंचित सिएना सोडा. आणि उठा. हे महत्त्वाचं. उठून आत जा, भांडी लावा, पण कागदाकडे बघू नका. आतली लाल बाजू कागद पूर्ण उबदार झाल्यावरच. वाळल्यावर रंग फिका दिसेल, जलरंग नेहमी ओल्यापेक्षा फिका वाळतो. त्याने घाबरून वरून थर चढवू नका, पुढच्या खेपेला सुरुवातीलाच थोडा दाट घ्या.

ॲक्रिलिक घेऊ नका असं मी म्हणणार नाही. ते झाकतं, पटकन वाळतं आणि वाळल्यावर पाण्याने उठत नाही, त्यामुळे चूक वरून सुधारता येते. ब्रशात वाळलं तर ब्रश गेला, एवढं सांभाळावं लागतं. पण तुम्ही ते सोपं म्हणून घेणार आहात, आणि ओल्या रंगात परत परत हात घालायची सवय तशीच राहिली तर तिथेही चिखलच होईल. दिवाळीपर्यंत जलरंग करा. ती भिंत ज्या हाताने केलीत त्या हाताला हे माध्यम आवडलंय असं मला त्या फोटोत दिसतं. त्यानंतर ॲक्रिलिक खुणावत असेल तर खुशाल घ्या.

तुमच्याच गावात १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे जलरंगातले फार मोठे चित्रकार. हातात दिवा घेतलेल्या, ज्योतीपुढे तळवा धरलेल्या बाईचं त्यांचं चित्र तुम्ही छापील रूपात कुठे ना कुठे पाहिलं असेल, 'ग्लो ऑफ होप'. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते तैलरंगातलं आहे असं पुष्कळांना वाटतं. ते जलरंगात आहे. बोटांतून झिरपणारा तो उजेड याच डिंकाच्या आणि पाण्याच्या रंगात उतरलेला आहे. त्यांची जन्मभराची साधना होती, त्यामुळे हे मी तुलनेसाठी सांगत नाही. पण म्हैसूरला जाणं झालं तर त्या चित्रापुढे अर्धा तास काढा. आणि तोवर गावातल्याच राजवाड्यात जा. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात. परवानगी विचारून शेजारी बसा आणि पत्ता बघू नका, ब्रश बघा. रंग किती घेतला, कडेला किती निपटला, रेघ ओढताना करंगळी कुठे टेकवली. तो रंग वेगळा आहे, तुमच्यासारखा पारदर्शक नाही, पण ब्रशात नेमकं किती ओल हवी हे त्या हातांइतकं नीट कुठलाच व्हिडिओ दाखवणार नाही.

क्लासचं म्हणाल तर मुलं आहेत म्हणून नाही म्हणू नका. मुलांच्या शेजारी बसून फार चांगलं शिकता येतं, ती भीत नाहीत. लावण्याआधी एक दिवस नुसतं बघायला जा आणि दोन गोष्टी पाहा. शिक्षक सगळ्यांसमोर स्वतः रंगवून दाखवतात का, आणि विद्यार्थी वस्तू समोर ठेवून काढतात की छापील चित्रावरून उतरवतात. उतरवायलाच लावत असतील तर पैसे वाचवा. एखादे निवृत्त कलाशिक्षक ओळखीत असतील तर आठवड्यातून एकदा तासभर त्यांच्याकडे जाणं मला जास्त पसंत पडेल. मात्र तुमच्या कागदावर कुणालाही हात फिरवू देऊ नका. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका शिक्षकांनी माझ्या प्रत्येक चित्रावर शेवटचा हात मारला. घरी सगळ्यांनी कौतुक केलं, आणि त्यातलं माझं किती हे मला वर्षभर कळत नव्हतं. दाखवायचं असेल तर त्यांनी वेगळ्या कागदावर दाखवावं, असं आधीच नम्रपणे सांगा.

मिस्टरांना सांगा, वर्षभर याचं पुढे काहीच करायचं नाही. फ्रेम नको, प्रदर्शन नको, वाढदिवसाला भेट नको, घरच्या ग्रुपवर फोटोसुद्धा नको. मुलाला चित्रं दाखवू नका असं नाही, पण संध्याकाळच्या संध्याकाळी नको. 'छान' ऐकायची सवय लागली की माणूस छान दिसणारी चित्रं काढायला लागतो, आणि कप बघायचं राहून जातं. खर्चाचं मात्र त्यांचं बरोबर आहे. पाच ट्यूब, तीन ब्रश आणि चांगल्या कागदाचे दोन ताव, दिवाळीपर्यंत याहून काही आणू नका. संपेल ते एकच, कागद.

प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घाला आणि पेन्सिलीने एक ओळ लिहा, हात कधी लावला आणि कधी लावायला नको होता. केळफूल तीनदा झालं की त्यातलं सगळ्यात बिघडलेलं मला पाठवा, चांगलं तुमच्यापाशी ठेवा. बिघडलेल्यात पाणी कुठे चुकलं ते फोटोतही दिसतं. आणि तिसऱ्या चित्राची उरलेली बाजू आता रंगवू नका. ती भिंत आहे तशी, पाहुणे आले त्या दिवशीची तारीख घालून, डब्यात ठेवून द्या.